ओस राजधानीचा कारभार

गोमंतकातील दोन जुन्या महालांची नावे माणसांच्या मोजदादीवरून पडलेली आहेत, ही गोष्ट त्या प्रांतात जन्म घालविलेल्या माणसाच्याही सहसा ध्यानात येत नाही. सासष्टी म्हणजे सहासष्ट आणि तिसवाडी म्हणजे तीस: उत्तरेकडून आलेल्या ९६ कुळांपैकी ६६ कुळे एका महालात स्थिरावली आणि ३० दुसऱ्यात, असे सारस्वतांची परंपरा सांगते. परंपरेतला हा हिशेब इतिहासाच्या ताजव्यात कितपत खरा उतरेल हा प्रश्न निराळा. परंतु एखाद्या भूमीची ओळख तिच्या डोंगरावरून, नदीवरून किंवा ग्रामदेवतेवरून न ठेवता तेथे किती घरे वसावयास आली यावरून ठेवावी, या रीतीत मुलूख म्हणजे माणसे हा जो समंजस विचार दडलेला आहे, त्याची आठवण याच तिसवाडीत पुढे नांदलेल्या आणि ओस पडलेल्या एका राजधानीच्या इतिहासात पदोपदी होते. ती राजधानी म्हणजे आपण आज ज्याला जुने गोवे म्हणतो ते मांडवीकाठचे नगर.

या नगराच्या वैभवाची वर्णने पुष्कळांनी लिहिली आणि त्याच्या भग्नावशेषांपुढे उसासे टाकणारेही कमी झाले नाहीत. वैभव आणि भग्नावस्था यांच्या मध्ये जी सुमारे दोनशे वर्षे गेली, ज्या काळात पिढीगणिक माणसे कमी होत होती आणि तरीही कारभार रीतसर चालूच होता, त्या काळाकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. वाढत्या शहराचा बंदोबस्त कसा करावा याचे शास्त्र आता विद्यापीठांतून शिकविले जाते. घटत्या शहरापुढे सरकार कसे वागते, त्याला काय दिसते आणि काय दिसत असूनही ते पाहावयाचे नाकारते, हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने जुन्या गोव्याच्या या मधल्या दोन शतकांत थोडा वेळ मुक्काम करावा.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, गोवे नावाचे नगर ओस पडण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. कदंबांची गोपकपट्टण ही राजधानी झुवारीच्या काठी होती. तिची जागा आजच्या गोवा वेल्हा या गावाच्या परिसरात दाखविली जाते. झुवारीचा तो काठ गाळाने भरत गेला, गलबतांना तेथे येणे अवघड झाले आणि व्यापार हळूहळू बेटाच्या उत्तर बाजूस, मांडवीच्या तीरावरील एळा या गावाकडे सरकला. बहमनींच्या आणि मागाहून विजापूरच्या आदिलशाहीच्या अमलात एळा हेच गोव्याचे बंदर बनले. नदीने पाणी फिरविले तशी माणसे फिरली. कोणी फर्मान काढल्याचे, कोणी विरोध केल्याचे ऐकिवात नाही. जुन्या जागेस जुने गोवे म्हणावे आणि नव्या जागेसही काही शतकांनी तेच नाव मिळावे, अशी नावांची जी गुंतागुंत आज परक्या प्रवाशाला चकविते, तिचे मूळ या दुहेरी स्थलांतरात आहे.

इ. स. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क याने एळा प्रथम घेतले, दोन-तीन महिन्यांतच गमावले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी पुन्हा जिंकले. जिंकलेल्या शहरात माणसे कोठून आणावयाची हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्या दिवसापासून होता, कारण पोर्तुगालसारख्या लहानशा देशाला आफ्रिकेपासून मलाक्कापर्यंतचे किनारे आपल्या माणसांनी भरणे सर्वथा अशक्य होते. त्याने जो उपाय योजला तो लोकसंख्येच्या राजकारणाचा एक ठळक नमुना म्हणून आजही अभ्यासिला जातो: आपल्या शिपायांनी आणि कारागिरांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह करावेत, अशा विवाहितांना जमिनी, घरे आणि सवलती द्याव्यात, आणि त्यांच्या संसारांतून राजनिष्ठ अशी कायमची वस्ती उभी राहावी. या विवाहितांना ‘काझादो’ म्हणत, आणि गलबतांबरोबर येणाऱ्या अविवाहित शिपायाला ‘सोल्दादो’. काझादोंच्या हातात शहराची नगरसभा आली आणि तिला लिस्बनच्या नगरसभेच्या धर्तीवर हक्क मिळाले. १५३० मध्ये कोचीहून राजधानी येथे आली, १५३४ मध्ये बिशपचे पीठ स्थापन झाले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तर ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याचे कारण नाही, अशी म्हण पोर्तुगीजांतच रूढ झाली.

त्या भरभराटीच्या काळात नगराची वस्ती दोन लाखांवर होती असे परंपरेने सांगतात. हा आकडा फुगविलेला असणे शक्य आहे. पण व्हाइसरॉयच्या कमानीपासून मिसेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेपर्यंत जाणाऱ्या ‘रुआ दिरैता’ या सरळ रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे जे वर्णन डच प्रवासी लिन्स्खोतेन याने केले आहे, त्यात अरबी घोड्यांपासून दासदासींपर्यंत सर्व काही विकले जाताना दिसते, आणि १६०८ मध्ये आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच माणसाने, जो स्वतः येथील शाही इस्पितळात रुग्ण म्हणून राहिला होता, त्या इस्पितळाची अशी मुक्तकंठाने स्तुती केली आहे की, त्या काळच्या युरोपातही तसे इस्पितळ विरळा असावे असे वाटते.

परंतु ज्या राज्याने विवाहांच्या द्वारे माणसे जमविली तेच राज्य दुसऱ्या हाताने माणसे घालवीत होते. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर धर्मसत्तेचा जोर वाढला. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन येथे आले. हिंदूंच्या उत्सवांवर, विवाहविधींवर आणि देवळांवर बंदीचे हुकूम एकामागून एक सुटले. त्याचा परिणाम काय झाला हे पाहावयास दफ्तरे चाळण्याची आवश्यकता नाही, अंत्रूज महालात फोंड्याच्या आसपास एक फेरी मारली तरी पुरते. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून आदिलशाही मुलखात गेली आणि अनुक्रमे मंगेशी, कवळे व म्हार्दोळ येथे स्थिरावली. देव एकटा कधीच स्थलांतर करीत नाही. त्याच्यामागे भट, पुजारी, महाजन, कुळावी आणि सोनार-शेट जातात, आणि त्यांच्याबरोबर भांडवल व कसबही जाते. ज्या काळात नगर गजबजलेले होते त्या काळात ही गळती कोणाला जाणवली नाही. पाण्याने भरलेल्या हौदाचे छिद्र पाणी ओसरू लागेपर्यंत दिसत नाही, तसाच हा प्रकार होता.

ओहोटीचे दुसरे कारण रोगराई. १५४३ मध्ये शहरात जी भयंकर साथ आली तिचे वर्णन गास्पार कोरेया या बखरकाराने केलेले आहे, आणि तिचे जे नाव त्याने दिले आहे ते मराठी वाचकाला ऐकताच ओळखू येईल: मोडशी. अंग मोडून टाकणारी ही पटकीची व्याधी पोर्तुगीज लेखणीतून ‘मोर्देशी’ झाली, आणि पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाला आपल्या भाषेत ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ देणारे रूप चढविले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाची लक्षणे नोंदविली आहेत. त्यानंतर १५७० मध्ये आणि पुन्हा १६३५ मध्ये मोठ्या साथी आल्या. १६०४ पासून १६३४ पर्यंतच्या तीस वर्षांत एकट्या शाही इस्पितळात २५,००० पोर्तुगीज शिपाई मृत्यू पावले, ही नोंद पाहिली म्हणजे पिरारने वर्णिलेल्या त्या उत्तम इस्पितळाचे दुसरे रूप दिसते: लिस्बनहून येणाऱ्या तरुणांचा पहिला मुक्काम तेथे होई आणि अनेकांचा शेवटचाही.

याचे कारण जमिनीत होते. ज्या भूमीवर शहर वसले ती सच्छिद्र, आणि मोऱ्यांची व्यवस्था वस्तीच्या मानाने तुटपुंजी. त्यामुळे घरोघरची घाण जमिनीत मुरून शेजारच्या विहिरींच्या पाण्यात उतरत होती. वस्ती दाट होती तोवर या दोषाने माणसे मेली. वस्ती विरळ होऊ लागली तेव्हा तोच दोष निराळ्या रूपाने पुढे आला. सोडून दिलेल्या घरांची छपरे पावसाने कोसळत, तळघरांत आणि उघड्या विहिरींत पाणी साचत असे, पडक्या भिंतींमधून माड आणि रान माजे, आणि डासांना राज्य मिळे. तेव्हा डासांचा आणि हिवतापाचा संबंध कोणास ठाऊक नव्हता. ‘वाईट हवा’ एवढेच निदान होते. पण ओसाडी रोगाला जन्म देते आणि रोग पुन्हा ओसाडीला, हे चक्र त्या हवेखाली राहणारा प्रत्येक जण जाणत होता. वस्ती घटली म्हणजे मोकळी जागा वाढून आरोग्य सुधारेल, असा जो एक भाबडा समज असतो, त्याला या नगराने चोख उत्तर दिले आहे: निम्मी माणसे गेली तरी मोऱ्या, विहिरी, धक्के आणि रस्ते निम्मे होत नाहीत, ते सगळेच्या सगळे राहतात, आणि त्यांची डागडुजी मात्र उरलेल्या निम्म्यांच्या माथी येते.

त्यातच व्यापार बसला. तालीकोटच्या रणानंतर विजयनगरची घोड्यांची बाजारपेठ गेली होतीच; १६२२ मध्ये होर्मुझ गेले, १६४१ मध्ये मलाक्का, १६६३ मध्ये कोची; आणि डचांची जहाजे मांडवीच्या मुखाशी येऊन सबंध मोसमभर नाकेबंदी करू लागली. जवाहिरांचा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये हा १६४१ च्या सुमारास प्रथम गोव्यास आला आणि १६४८ मध्ये पुन्हा आला. पहिल्या खेपेस ज्यांना त्याने चांगल्या मिळकतीचे गृहस्थ म्हणून ओळखले होते, तेच दुसऱ्या खेपेस संध्याकाळी अंधार पडल्यावर गुपचूप त्याच्या बिऱ्हाडी येऊन मदत मागून गेले. कुलीन स्त्रिया पालखीतून येत आणि त्यांच्यावतीने चाकर पोरगा आत येऊन भीक मागे, असे त्याने लिहून ठेवले आहे. घटत्या शहराचे हे एक लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे: पैसा आधी जातो, माणूस नंतर जातो, आणि मानमरातब सर्वांच्या शेवटी, कित्येकदा कधीच जात नाही.

हे सर्व सरकारला दिसत नव्हते असे नाही. पण सरकारने जो पहिला मोठा विचार केला तो रोगामुळे किंवा दारिद्र्यामुळे केला नाही. तो संभाजीराजांच्या तलवारीमुळे केला. १६८३ च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी शहरासमोरील जुवे बेट एका रात्रीत घेतले आणि राजधानीच्या खिडक्यांतून शत्रूची निशाणे दिसू लागली. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने आपला अधिकारदंड फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या हाती ठेवून करुणा भाकली, ही कथा प्रसिद्धच आहे. मराठे परतले, परंतु ज्या राजधानीच्या रक्षणास पुरेशी माणसेच उरली नाहीत ती टिकवावयाची कशी, हा प्रश्न परतला नाही. आल्व्होरने निर्णय केला की राजधानी मुरगावच्या डोंगरावर, समुद्राच्या तोंडाशी, जेथे थोड्या माणसांनी मोठा मुलूख राखता येईल अशा किल्लेवजा जागी हलवावी. विचार तर्कशुद्ध होता. संख्या घटली आहे हे मान्य करून, उरलेल्या संख्येला शोभेल असा आटोपशीर परीघ आखावा, असे सुचविणारा तो त्या दरबारातील पहिलाच कारभारी म्हटला पाहिजे.

मात्र त्याच गृहस्थाने २७ जून १६८४ रोजी दुसरा एक हुकूम काढला, त्याअन्वये तीन वर्षांच्या आत स्थानिक ख्रिस्ती प्रजेने आपली कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावयाचे होते. एका हाताने माणसांच्या सोयीसाठी शहर हलवावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसांच्या जिभेवर पहारा बसवावयाचा, या दोन कृत्यांत त्याला काही विसंगती वाटली नसावी. कारण दोहोंमागे एकच धारणा होती, की प्रजा ही हुकुमाने हलते. मुरगावचे बांधकाम सुरू झाले, रखडले, पुन्हा सुरू झाले, खजिन्यातला पैसा खात राहिले आणि अठराव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बंद पडले. मुरगावास किल्ला होता, बंदर होते, नकाशाही होता. राहावयास जाण्याचे कारण तेवढे कोणाजवळ नव्हते.

माणसे निराळ्याच दिशेने निघाली होती, आणि त्यांची वाट फार पूर्वी, ज्याला हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता अशा एका व्हाइसरॉयने घालून ठेवली होती. कोंद द लिन्यारेस याने १६३३-३४ मध्ये रायबंदर आणि पणजी यांच्या मधल्या खाजणातून तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा दगडी बांध घातला, जो आजही वाहनांच्या ओझ्याखाली उभा आहे. पणजी तेव्हा ताळगावच्या गावकरीचा एक वाडा होती. मासेमाऱ्यांची घरे, माडांच्या बागा, दलदल, आणि आदिलशहाने बांधलेला नदीकाठचा वाडा एवढीच तिची संपत्ती. रस्ता झाला, वारा समुद्रावरून येत होता, विहिरींचे पाणी बरे होते. ज्याला जमेल तो एकेक कोस पश्चिमेकडे सरकू लागला. १६९५ मध्ये खुद्द व्हाइसरॉयने राजधानीतील आपला वाडा सोडून नगराच्या वेशीबाहेर पानेली येथे बिऱ्हाड केले. ज्याने इतरांना शहरात राहावयास सांगावयाचे तोच वेशीबाहेर झोपू लागल्यावर शहराला कोणते फर्मान तारणार? १७५९ मध्ये कोंद द एगा याने पानेलीही सोडली आणि तो पणजीस आदिलशहाच्या त्या वाड्यात येऊन राहिला. त्याच वर्षी जेझुइटांना पोर्तुगालच्या राज्यातून हद्दपार करण्याचा हुकूम निघाल्याने जुन्या शहरातील त्यांच्या मोठमोठ्या वास्तूही रिकाम्या झाल्या. तरीही कागदोपत्री राजधानी जुने गोवेच होते. नवा अधिकारी आला म्हणजे नदीतून येऊन त्याने जुन्या कमानीखालून समारंभाने प्रवेश करावयाचा, ओस रस्त्यांवरून मिरवावयाचे, आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परतावयाचे, असा सोहळा पुढे अनेक पिढ्या चालला.

याच सुमारास राज्याच्या हद्दीत मोठा फरक पडला. १७६३ मध्ये फोंडा महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आला आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत ज्यांना नव्या काबिजादी म्हणतात ते प्रदेश एकेक करून जोडले गेले. दोनशे वर्षांपूर्वी ज्या देवांना आणि माणसांना नदीपार घालविले होते त्यांच्या दारापर्यंत राज्य आता आपल्याच पायांनी चालत गेले, आणि या वेळी त्यांच्या धर्मात हात न घालण्याचे वचन देऊन गेले. रयत टिकविण्याचे साधन कोणते, हे सरकारला कळले. फक्त ज्या शहरासाठी ते कळावयास हवे होते ते शहर तोवर उरले नव्हते. १७७५ च्या सुमारास तेथे सगळी मिळून १६०० च्या आसपास माणसे राहत होती. दोन लाखांचा पारंपरिक आकडा अर्ध्यावर, पाव हिश्शावर आणला तरी या घटीची भीषणता लपत नाही.

आणि नेमक्या त्याच क्षणी लिस्बनमध्ये बसलेल्या त्या शतकातील सर्वांत कर्तबगार मंत्र्याने ठरविले की हे शहर पुन्हा वसवावयाचे. मार्किश द पोंबाल याची ही जिद्द समजून घेण्यासाठी १ नोव्हेंबर १७५५ चा लिस्बनचा भूकंप आठवावा लागतो. शहर जमीनदोस्त झाले, लाटांनी आणि आगीने उरलेसुरले नेले, आणि त्याच राखेवर पोंबालने सरळ रस्त्यांचे, ठराविक उंचीच्या घरांचे, भूकंपाचा धक्का सोसतील अशा लाकडी चौकटींचे नवे लिस्बन उभे केले. त्याने १७७४ मध्ये गोव्याच्या गव्हर्नरास ज्या विस्तृत सूचना पाठविल्या त्यांत इन्क्विझिशन बंद करण्यासारख्या शहाणपणाच्या गोष्टी होत्या, आणि जुनी राजधानी पुन्हा बांधून काढण्याची आज्ञाही होती. गव्हर्नर जुझे पेद्रु द कामारा याच्या अमदानीत माणसे कामाला लागली, रान तोडले गेले, ढिगारे उपसले गेले; आणि मजुरांना तापाने गाठले. १७७७ मध्ये राजा मरण पावला, पोंबाल पदच्युत झाला, आणि थोड्याच वर्षांत काम थांबले.

पोंबालच्या चुकीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ती मूर्खाची चूक नव्हती. लिस्बनमध्ये घरे पडली होती, पण माणसे तेथेच होती. त्यांचा व्यापार, त्यांची नदी, त्यांचा राजा तेथेच होता, आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून ती अधीर झालेली होती. गोव्यात घरे पडली होती ती माणसे गेली म्हणून. एका ठिकाणी घर हे औषध होते. दुसऱ्या ठिकाणी घर पडणे हे केवळ लक्षण होते, आणि लक्षणावर चुना मारून रोग बरा होत नाही. ज्याच्या हाताला एकदा यश आले तो राज्यकर्ता प्रत्येक पडक्या भिंतीत आपलीच जुनी पडझड पाहतो. पोंबालने गवंडी पाठविण्याआधी, गेलेली माणसे कोठे गेली, का गेली, आणि परत यावयास त्यांना कोणते पाणी, कोणता धंदा, कोणती मोकळीक लागेल, एवढे विचारले असते तर बहुधा त्याचा पैसा आणि त्या मजुरांचे प्राण वाचले असते.

यानंतर राज्याने तिसरी रीत पत्करली, आणि ती मात्र तडीस गेली, कारण ती लोकांच्या पावलांमागून चालली. १८२० मध्ये व्हाइसरॉयांचा जुना किल्लेवजा वाडा पाडला आणि त्याचा चिरा पणजीच्या इमारतींना वापरला. १८२७ नंतरच्या काही वर्षांत दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या गव्हर्नराने पणजीची दलदल भरली, वाळूचे उंचवटे सपाट केले, रस्ते आणि सरकारी इमारती उभारल्या. १८३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले आणि जुन्या शहराचा शेवटचा मोठा रहिवासी वर्ग, म्हणजे मठवासी, तेथून उठला. पवित्र डोंगरावरील ऑगस्टिनियन मठाची कथा यापुढे एखाद्या नोंदवहीसारखी वाचता येते: राखणारे १८३५ मध्ये गेले, मनोऱ्यावरची प्रचंड घंटा १८४१ मध्ये आग्वादच्या दीपगृहाकडे नेली, छत १८४२ मध्ये कोसळले, दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा १९३१ मध्ये पडला. घंटा पुढे १८७१ मध्ये पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये चढली, ती तेथे अजून आहे. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा आणि राजधानीचा दर्जा मिळाला. व्हाइसरॉयने पानेलीस बिऱ्हाड हलविल्यापासून या आज्ञेपर्यंत १४८ वर्षे गेली. माणसांनी एका पावसाळ्यात घेतलेला निर्णय सरकारी कागदावर उतरावयास पाच-सहा पिढ्या लागल्या, आणि त्या पाच-सहा पिढ्यांच्या विलंबात जो पैसा, जे प्राण आणि जी प्रतिष्ठा खर्ची पडली तिचा हिशेब कोणत्याही दफ्तरात एका ठिकाणी मांडलेला नाही.

या सगळ्या कारभारात एक वर्ग कोणाच्याच मनात आला नाही: जे राहिले ते. राजधानी हलविण्याची योजना झाली, भरण्याची झाली, पाडण्याची झाली. पण १७७५ मध्ये त्या ओसाड रस्त्यांवर राहणाऱ्या १६०० जणांना कोणत्या विहिरीचे पाणी पिऊ द्यावे, कोणती पडकी घरे आधी बुजवावीत, कोणत्या मोऱ्या राखाव्यात आणि कोणत्या कायमच्या बंद कराव्यात, या साध्या प्रश्नांना त्या भव्य योजनांत स्थान नव्हते. घटणारे शहर राज्याला अपमानासारखे वाटते. म्हणून ते एक तर त्याला पुन्हा मोठे करू पाहते किंवा त्याच्याकडे पाठ फिरविते. लहान झालेल्या शहराला लहान शहर म्हणून नीट चालविणे ही तिसरी वाट, आणि ती मिरवणुकीची नसल्यामुळे तिच्यावर सहसा कोणी चालत नाही.

हा प्रश्न केवळ पोर्तुगीज दफ्तरांत पुरलेला आहे असे समजण्याचे कारण नाही. गोव्याच्या वेशीला लागून असलेल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ च्या शिरगणतीत ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीची १६,९६,७७७ होती ती १६,१५,०६९ झाली. आणि ज्या मुंबईकडे कोकणचा चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या गेला, त्या मुंबई शहर जिल्ह्याचीही ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ झाली, कारण गिरण्यांच्या चाळींतून माणसे उपनगरांकडे आणि त्याहीपलीकडे सरकली. चार मुलांची शाळा चालवावी की मिटवावी, दोन म्हाताऱ्यांच्या वाडीपर्यंत एसटी न्यावी की नाही, गणपतीत आठ दिवस उघडणाऱ्या घरासाठी नळाची वाहिनी वर्षभर राखावी की कसे, हे प्रश्न तालुक्याच्या कचेरीत रोज येतात. पोंबालसारखे उत्तर देऊन नव्या इमारती बांधणे सोपे आहे, आणि पाठ फिरविणे त्याहून सोपे.

जुन्या गोव्यात दरवर्षी ३ डिसेंबरला झेवियरचे फेस्त भरते तेव्हा एका दिवसापुरती त्या नगराची जुनी गर्दी परत येते. रस्त्यांवर मेणबत्त्यांची आणि खाजाची दुकाने लागतात, मांडवीपलीकडून आणि गोव्याबाहेरून लोक लोटतात, आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर सगळे पुन्हा पश्चिमेकडे, त्याच लिन्यारेसच्या बांधावरून परततात. दुसऱ्या दिवशी कचरा काढणे, मोऱ्या वाहत्या करणे, पाणी पुरविणे हे काम ज्या संस्थेच्या अंगावर पडते तिला लिस्बनच्या नगरसभेचे हक्क नाहीत. ती एक ग्रामपंचायत आहे. तीनशे वर्षे जे कोणी केले नाही ते, म्हणजे येथे प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांपुरता कारभार, आता निदान तिच्या हाती आला आहे.